बाजार हलवणे आहे

दादरच्या भाजीबाजाराच्या इतिहासाला दोनच प्रकरणं आहेत. पहिल्यात बाजार हलवायचं ठरतं, दुसऱ्यात तो परत येतो. मग पुन्हा पहिलं प्रकरण सुरू होतं. सरकारं बदलली, कायदे बदलले, रस्त्यांची नावं बदलली, गाड्या वाफेवरून विजेवर गेल्या. पण दादर पश्चिमेला बाहेर पडलेल्या माणसाचा उजवा पाय कोबीच्या पानावर आणि डावा कुणाच्या तरी मेथीवर पडतो, ही व्यवस्था काही बदललेली नाही.

आधी एक वाद मिटवून टाकू. दादर उपनगर आहे का? हा प्रश्न दादरमध्ये उभं राहून मोठ्याने विचारू नये. सरकारी नकाशात माहीम आणि शीवपर्यंत मुंबई शहर, त्यापुढे उपनगर. म्हणजे दादर शहरात आहे, आणि तेवढ्या एका आनंदावर दादरकर दोन खोल्यांत तीन पिढ्या काढू शकतो. बोरिवलीला ऐसपैस घर घेतलेल्या चुलतभावाला ‘हवा छान आहे हो तुमच्याकडे’ असं तो ज्या सुरात सांगतो, त्या सुरात हा सगळा भूगोल भरलेला असतो. पण खरं सांगायचं तर दादर जन्माला आलं तेच उपनगर म्हणून. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, लोक मिळेल त्या वाटेने गावी पळाले, सरकारची झोप उडाली, आणि १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी एक ट्रस्ट नेमला गेला. दाटीवाटीच्या जुन्या वस्त्यांतली माणसं उत्तरेला न्यायची असं ठरून दादर-माटुंग्याच्या योजना आखल्या गेल्या. तिथे तेव्हा भातखाचरं होती, नारळाच्या वाड्या होत्या, अधूनमधून भाजीचे मळे होते. ट्रस्टने जमिनी घेतल्या, भराव घातला, रुंद रस्ते आखले. म्हणजे दादरमधून सगळ्यांत आधी कुणाला हलवलं असेल तर ते भाजीलाच, आणि तेही मुळासकट.

आराखडा देखणा होता, यात शंका नाही. दोन इमारतींमध्ये वारा खेळेल एवढं अंतर, झाडांच्या रांगा, माटुंग्याच्या बाजूला तर एका जागी पाच-पाच बागा. संध्याकाळी साहेबाने किंवा साहेबासारखी टोपी घालणाऱ्या एखाद्या हेडक्लार्कने तिथे फेरफटका मारावा, फुप्फुसं भरून घ्यावीत आणि घरी जावं. घरी जाताना बायकोने सांगितलेली कोथिंबिरीची जुडी त्याने कुठून घ्यावी, याचा विचार करायला मात्र वेळ झाला नसावा. नगररचनाकाराला कोथिंबीर आणायला घरून कुणी पाठवत नाही, हा नगररचनाशास्त्रातला फार जुना दोष आहे.

ती सोय रेल्वेने केली, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली ती एका कंपनीची. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईकडे पहिली लोकल निघाली ती दुसऱ्या कंपनीची, आणि तिच्या थांब्यांत दादर होतं. मालक दोन, हिशेब दोन, रूळ मात्र दादरला येऊन मांडीला मांडी लावून बसले. इतके शेजारी असूनही दोघांनी फलाटांचे आकडे एकमेकांशी जुळवले नाहीत. दोन्हीकडे आपापला एक नंबर होता. ‘एक नंबरवर उभी राहते’ एवढ्या भरवशावर ठरलेल्या भेटींपैकी किती भेटी झाल्या आणि किती लग्नं त्यामुळे टळली, याची नोंद दोन्ही रेल्वेंकडे नाही. २०२३ च्या डिसेंबरात मध्य रेल्वेने आपले फलाट आठपासून मोजायला घेतले तेव्हा कुठे हा घोळ मिटला.

आता, जिथे गाडी बदलायची असते तिथे माणूस थांबतो. थांबला की इकडेतिकडे बघतो. समोर दुसरं काही बघण्यासारखं नसलं की तो दुधीकडे बघतो, आणि दुधीकडे दोनदा बघितलं की भाव विचारावाच लागतो. हे मानसशास्त्र वसईच्या बागायतदारांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं. वाडवळ आणि ख्रिस्ती घरांतल्या बायका पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन निघायच्या. वेलची केळी, तोंडली, अळू, केळफुलं, मोगरा. आजही लोकलच्या लगेजच्या डब्यात शिरून बघा. शेजारच्या डब्यात पदवीधर माणसं एका पायावर लोंबकळत असतात आणि इथे केळीचे घड निवांत बसून प्रवास करतात.

विकणारे आले, पण विकत घेणारेही तोलामोलाचे हवेत. शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं. १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने त्याला महाराजांचं नाव मिळालं. भोवती इमारती उठल्या आणि गिरगावातली मराठी बिऱ्हाडं हळूहळू इकडे सरकली. या लोकांना अभ्यासक सरसकट ‘मराठी मध्यमवर्ग’ म्हणतात. भाजीवाल्याला विचाराल तर त्यात किमान अर्धा डझन राष्ट्रं आहेत, आणि त्यांचे आपसांतले संबंध बेताचेच आहेत. कोकणस्थांना पडवळ चालतो, फक्त तो कालच्या भावाने हवा. सारस्वतांना भाजी सांगायच्या आधी घरात नारळ किती आहेत ते आठवावं लागतं. आणि सीकेप्यांना मृग लागायच्या सुमारास शेवळं हवीत. शेवळं म्हणजे नीट न केल्यास घसा खाजवणारी रानभाजी. ती खाज मारायला काकडं नावाची आंबट फळं सोबत घ्यावी लागतात, ती मिळेपर्यंत बाजारात तीन फेऱ्या होतात, आणि साफ करण्यात आख्खी दुपार जाते. एवढं करून जे ताटात येतं ते खाऊन बाहेरचा पाहुणा ‘बरं आहे’ म्हणाला, की दोन कुटुंबांचे संबंध कायमचे बिघडतात.

पावसाळ्यात या बाजाराला जो बहर येतो तो कुठल्याच आराखड्यात बसत नाही. पालघर, कसारा, कर्जतकडून आदिवासी बायका येतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोळी. त्यांच्याकडे काटा नसतो, वाटे असतात. वाट्यात घासाघीस करायला खरं तर काही नसतंच, कारण त्याला वजन नाही आणि किलोचा भाव नाही. तरी दादरच्या बायका ती करतात. दहा रुपये कमी होत नाहीत म्हटल्यावर ‘मग दोन पानं वर टाक’ म्हणतात, आणि ज्या बाईने डोंगर चढून ती पानं खुडली ती बाई मुकाट्याने दोन पानं वर टाकते. हीच भाजी हल्ली ‘रानभाजी महोत्सवा’त पाटी लावून मांडतात. तिथे त्याच दादरच्या बायका सांगितलेले पैसे देऊन वर ‘किती औषधी आहे ना’ असं एकमेकींना सांगतात.

असो. बाजार आहे म्हटल्यावर मंडई पाहिजे, हे महापालिकेच्या लक्षात आलं आणि स्टेशनच्या पश्चिमेला रीतसर मंडई झाली. वर छप्पर, आत गाळे, गाळ्यांना आकडे, आकड्यांना परवाने. सगळं नीटनेटकं. चूक झाली ती नाव ठेवण्यात. नाव ठेवलं क्रांतिसिंह नाना पाटील मंडई. ज्या माणसाने १९४३ पासून साताऱ्यात इंग्रजांचं सरकार जागच्या जागी ठेवून त्याच्या शेजारी स्वतःचं प्रतिसरकार चालवून दाखवलं, त्याचं नाव दिल्यावर दुसरं काय होणार होतं? मंडईच्या बाहेर प्रतिमंडई उभी राहिली. आतल्या मंडईला भाडं आहे, वेळा आहेत, सुट्टी आहे. बाहेरच्या प्रतिमंडईला गिऱ्हाईक आहे. आतला गाळेवाला दर काही दिवसांनी बाहेरच्यांविरुद्ध लेखी तक्रार करतो आणि आपल्या मेव्हण्याला टोपली देऊन बाहेर बसवतो.

नावांचा हा घोटाळा मंडईपुरता असता तर चाललं असतं. बाजार ज्या रस्त्यावर पसरतो तो पूर्वीचा तुळशी पाइप रोड, म्हणजे तुळशी तलावाचं पाणी आणणाऱ्या नळाचा रस्ता. निरुपद्रवी नाव होतं. ते बदलून सेनापती बापट मार्ग केलं. सेनापती बापट कोण, तर मुळशीत धरणासाठी शेतकऱ्यांना जमिनीवरून उठवू नये म्हणून १९२१ साली सत्याग्रह उभारणारे! माणसांना त्यांच्या जागेवरून उठवायचं नाही, यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाच्या रस्त्यावरून फेरीवाल्यांना उठवायला महापालिका गाडी पाठवते. शेजारी बाग आहे ती वीर कोतवालांच्या नावाची. भाई कोतवालांनी १९४२ मध्ये मुंबईला वीज पुरवणारे मनोरे पाडले. मुळशीचं धरणही मुंबईला वीज देण्यासाठीच होतं. एकाने विजेचं धरण अडवू पाहिलं, दुसऱ्याने विजेचे मनोरे आडवे केले. या दोघांच्या नावांमध्ये बसून भाजीवाला संध्याकाळी वांग्यांच्या ढिगावर पिवळा बल्ब लावतो. त्या बल्बची वायर नेमकी कुठून येते, हे विचारण्याचा नैतिक अधिकार कुणाला उरतो? आणि डोक्यावरचा उड्डाणपूल कवी केशवसुतांच्या नावाचा. ‘तुतारी’ लिहिणाऱ्याच्या पुलाखाली ‘दस का दो, दस का दो’ असा जो आवाज दिवसभर घुमतो, तो ध्वनिप्रदूषणाच्या खात्यात टाकायचा की साहित्याच्या, हेही ठरायचं आहे. अतिक्रमणाच्या फाइलवर सही करण्याआधी साहेबांनी या परिसराच्या पाट्या एकदा वाचायला हव्या होत्या.

साहेबांच्या हातात मात्र एक पक्कं हत्यार आहे. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा कायदा. त्याचं ३१४ वं कलम सांगतं, की रस्त्यावर विनापरवाना मांडलेला माल नोटीस न देता उचलता येतो. इंग्रजाने कायदा लिहिला खरा, पण त्याने दादरची ‘गाडी आली’ ही आरोळी ऐकलेली नव्हती. खरं तर ती आरोळी नसतेच. सुरुवात प्लाझा सिनेमाच्या अंगाला कुठेतरी एका शिट्टीने होते, मग मानेचा एक झटका, मग ‘आली, आली’ अशी कुजबुज. आणि पुढच्या क्षणी निळ्या प्लास्टिकची चार टोकं एकत्र येतात. त्यात कोबी, काटा, वजनं, पाण्याची बाटली आणि लहान मूल असेल तर तेही. गाठोडं खांद्यावर जातं आणि माणूस भिंतीत शिरतो. शब्दशः भिंतीत. तिथे बोळ आहे, बोळात जिना आहे, जिन्याखाली कपाट आहे, हे त्या क्षणापर्यंत आपल्याला माहीतच नसतं. रस्ता इतका मोकळा दिसतो, की दादरमध्ये जन्म गेलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा आपण भलत्याच स्टेशनावर उतरलो असं वाटतं.

गिऱ्हाईक तेवढं जागच्या जागी उरतं. हातात अर्धा किलो भेंडी, दुसऱ्या हातात पन्नासची नोट, समोर कुणी नाही. अशा वेळी भल्याभल्यांच्या संस्काराची परीक्षा होते. पैसे न देता निघावं तर ती चोरी, उभं राहावं तर महापालिकेच्या माणसाला वाटतं की हीच बाई भेंडी विकतेय. बहुतेक जणी आकाशाकडे बघत उभ्या राहतात. गाडी कोपऱ्यावरून वळते न वळते तोच भिंतीतून आवाज येतो, ‘ताई, भेंडीचे चाळीस.’ निळं प्लास्टिक पुन्हा पसरलेलं असतं. मधल्या काळात भेंडीचा भाव वाढला असेल तर तो धोका-भत्ता समजावा.

ही विकणारी माणसं आली कुठून, हे विचारण्याचा प्रघात आहे आणि उत्तर बहुधा ‘बाहेरून’ असं दिलं जातं. थोडे बाहेरून आले. थोडे जुन्नर-मंचरकडून आपल्याच भाजीमागून आले. आणि बरेच जण इथलेच, चार गल्ल्यांपलीकडचे होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तो कधी रीतसर संपलाच नाही. ज्यांनी मागावर आयुष्य काढलं त्यांच्यातले कितीतरी जण पाटी घेऊन फुटपाथवर बसले. परळ-लालबागची बाई, जी गिरणीच्या भोंग्यावर घरातली भाकरी थापत होती, ती मेथीच्या जुड्या बांधायला लागली. समोर कोहिनूर मिल होती तिथे आज काचेचा मनोरा आहे, खाली बाजार आहे. या भागात विनोद करायला मला जागा सापडत नाही, म्हणून पुढे जातो.

१९९६ साली हलवाहलवीचा सगळ्यांत मोठा प्रयोग झाला. क्रॉफर्ड मार्केट आणि भायखळ्याचा घाऊक फळभाजी बाजार खाडीपलीकडे बाजार समितीच्या आवारात गेला. त्याला सगळे वाशी मार्केट म्हणतात. ते तुर्भ्यात आहे, पण ते असू दे. उद्देश उत्तम होता: ट्रकनी मुंबईत शिरू नये. ट्रक खरोखरच वाशीला थांबले. भाजीला मात्र थांबता येईना, कारण ती खाणारी माणसं दादरलाच राहिली होती. त्यामुळे नाशिकचा कोबी ठाण्यापर्यंत येऊन, तिथून मुंबईचे दिवे बघून, वळसा घालून खाडीकाठी जायचा. तिथे उतरायचा, बोली लागायची, टेम्पोत चढायचा, खाडीपूल ओलांडून, चेंबूर-शीवच्या गर्दीत उभा राहून दादरला पोहोचायचा. आयुष्यात जास्तीत जास्त वणीच्या देवीला गेलेल्या शेतकऱ्याचा कोबी त्याच्यापेक्षा जास्त फिरलेला असायचा. २०१६ मध्ये राज्य सरकारने भाजी आणि फळं बाजार समितीच्या नियमनातून मोकळी केली आणि कोबीला सरळ दादरला यायची कायदेशीर वाट मिळाली. तो आधीही येत होताच म्हणा.

त्यातून पहाटेचा घाऊक बाजार फुगला. ज्याला दादर ओळखायचं आहे त्याने पहाटे चारला यावं. दिवसा ज्या रस्त्यावर आपण ‘जरा सरका’ म्हणत आडवे चालतो त्याच रस्त्यावर ट्रकमधून पोती पडत असतात, हातगाड्या उलट्या दिशेने धावतात, पाटीवाले ‘साइड, साइड’ ओरडत आपल्याला बाजूला करतात आणि बाजू कुठली हे सांगत नाहीत. पलीकडे झेंडूचे डोंगर. टोमॅटोचे क्रेट, फ्लॉवरच्या गोण्या, मिरचीचा ठसका. परळपासून सांताक्रूझपर्यंतचे भाजीवाले, खानावळवाले, पावभाजीवाले माल उचलतात. उजाडता उजाडता हे सगळं विरतं, सफाई कामगार ढिगारे ओढतात, आणि त्या ओल्या डांबरावर किरकोळ बाजार आपली प्लास्टिकं अंथरतो. एका जागेवर एका दिवसात दोन बाजार आणि तिसऱ्या वेळेला रहदारी, असा वापर ट्रस्टच्या इंजिनिअरांनी पाहिला असता तर जागा वाया घालवल्याबद्दल स्वतःलाच दंड केला असता.

उरलेले प्रयत्न थोडक्यात सांगतो, कारण शेवट तुम्हाला माहीतच आहे. २०१७ च्या अखेरीस उच्च न्यायालयाने स्टेशनपासून दीडशे मीटरांत फेरीवाले नकोत असं बजावलं. त्याआधी प्रभादेवीच्या पुलावर माणसं चेंगरून मेली होती, तेव्हा हुकमामागे कारण होतं आणि ते कुणी नाकारत नव्हतं. महापालिकेने टेप लावून अंतर मोजलं, रस्त्यावर पट्टे मारले. दादरकरांनी लगेच पट्ट्याचा उपयोग शोधला: ‘पट्ट्यापाशी भेट’, म्हणजे फलाटाच्या नंबरांचा घोळ नको. पुढे २०२० मध्ये करोना आला. जे काम इंग्रजाला, कायद्याला आणि न्यायालयाला जमलं नाही ते एका विषाणूने एका आठवड्यात केलं. दादरची घाऊक भाजी सोमय्या मैदान, वांद्रे-कुर्ला संकुल अशा मोकळ्या ठिकाणी पाठवली गेली, वर्तुळं आखून, अंतर ठेवून. कंपन्यांच्या काचेच्या इमारतींखाली पालकाच्या जुड्या विकल्या गेल्या. विषाणूला तरी इथलं काय माहीत असणार? साथ ओसरली आणि बाजार घरी आला. २०२१ मध्ये मासळीचा घाऊक बाजार पाडला गेला, तेव्हा वासाची तक्रार करणाऱ्या इमारतींत आनंद झाला. बांगडा आणायला लांब जावं लागतं हे पुढच्या रविवारी लक्षात आलं. वास नको, बांगडा हवा, ही दादरची फार जुनी राजकीय भूमिका आहे.

हल्ली बाजारावर नवीन संकट आहे म्हणतात ते दहा मिनिटांत भाजी आणून देणाऱ्या ॲपचं. शिवाजी पार्कच्या चौथ्या मजल्यावरच्या आजी नातवाच्या मोबाइलवरून कढीपत्ता मागवतात. स्कूटरवरून येणारा मुलगा बाजाराच्या गर्दीत अडकतो, घामाघूम होऊन पोहोचतो, पिशवीत मोजून बारा काड्या कढीपत्ता. आजी पिशवी उघडून विचारतात, ‘आणि मिरची-कोथिंबीर?’ मुलगा म्हणतो, ती मागवली नव्हती. आजी म्हणतात, ‘मागवायची कशाला? ती वर देतात.’ त्या कंपनीत मोठमोठ्या पदव्यांची माणसं बसली असतील, पण वर द्यायच्या कोथिंबिरीचं बटण त्यांच्या ॲपमध्ये अजून आलेलं नाही.

बाजाराने मात्र त्यांच्याकडून जे घ्यायचं ते घेतलं. प्रत्येक टोपलीवर चौकोनी कोड चिकटला आणि त्याला जोडून बोलका डबा आला. या डब्याने दादरच्या सामाजिक जीवनात जी उलथापालथ केली तिची दखल कुणी घेतलेली नाही. पूर्वी भाव हा गिऱ्हाईक आणि भाजीवाला यांच्यातला खासगी मामला असायचा. आपण साठला घेतलेली फरसबी शेजारणीला पंचेचाळीसची म्हणून सांगता यायची. आता डबा चौकात घोषणा करतो, ‘साठ रुपये प्राप्त हुए.’ मागे उभी असलेली शेजारीण ऐकते. ती पंचावन्न देते आणि डब्याच्या तोंडून ते ऐकवते.

डबा हिंदीत बोलतो यात नवल नाही, कारण बाजाराची सगळी घासाघीस हिंदीतच चालते. ‘भैया, कैसा दिया?’ असं जोशी काकू विचारतात. समोरचा नारायणगावचा असतो. तो म्हणतो, ‘बीस का पाव, काकी.’ ‘बहुत महाग बोलता हैं तुम.’ ‘महाग नहीं है, एकदम कोवळा है.’ भाव ठरतो, पैसे दिले जातात, काकू वळतात आणि मग तो शेजाऱ्याला म्हणतो, ‘लय चिकट बाई आहे.’ काकू वळून म्हणतात, ‘ऐकलं हं मी!’ दुसऱ्या दिवशी तीच दोघं पुन्हा हिंदीत सुरू करतात. मराठीत सुरुवात केली तर नाती जुळतील, आणि नातं जुळलं की भाव करता येत नाही.

संध्याकाळी सहानंतर हा बाजार गाडीत चढतो. ऑफिसमधून सुटलेल्या बायका भाजी घेऊन कल्याणची, कसाऱ्याची गाडी पकडतात. बसायला मिळालं की पर्समधून कागद निघतो, मांडीवर अंथरला जातो, आणि कुर्ला यायच्या आत गवारीच्या शिरा निघायला लागतात. चौथ्या सीटवरच्या बाईलाही मूठभर मटार सोलायला दिले जातात, ओळख असो नसो. घाटकोपरला मेथी निवडून होते, ठाण्याला लसूण. दिव्यापर्यंत फक्त फोडणी द्यायची राहते, आणि रेल्वेने परवानगी दिली तर तीही होईल.

‘गवार छान आहे हो. दादरची?’

‘दादरचीच. हिरव्या छत्रीवाल्याकडून.’

‘त्याला तर उठवला ना तिथून?’

‘उठवला की. मंगळवारी. गाडी आली होती, छत्रीसुद्धा घेऊन गेले.’

‘मग?’

‘मग काय, आता समोर बसतो. छत्री लाल आहे.’

‘भाव तोच?’

‘छे! पाच रुपये जास्त. म्हणाला, ताई, नवीन जागा आहे.’